मधल्या थराची लोकर

उस्मानचाचांनी पहिल्याच दिवशी मला सांगितलं, "बेटी, बाहेरचं ऊन जरा आत घेऊन ये." मी अंगणात जाऊन उभी राहिले. एप्रिल महिना, पूर्णेचा उन्हाळा, पायाखालची फरशी तव्यासारखी. हे आत कसं न्यायचं ते मला कळेना. शेडमधल्या बाया तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. चाचा ताडकळसचे पिंजारी, घरात दखनी बोलणारे, आणि त्यांच्यात लोकरीला ऊन म्हणतात. अंगणात वाळत घातलेली लोकर आत आणायची होती.

तेव्हापासून तेवीस वर्षं मी तेच काम केलं. आमच्या भागात कुणाला सांगितलं की मी लोकर निवडते, तर माणूस आधी आभाळाकडं बघायचा आणि मग माझ्याकडं. चाळीस-बेचाळीसच्या उन्हात लोकर? नातेवाईक तर सरळ म्हणायचे, "कौसाबाई, कापसाच्या मुलखात राहून मेंढराचे केस कामून उपसायलीस?"

पूर्णेत एका संस्थेचं छोटं केंद्र होतं. पत्र्याचं शेड, एक हौद, दोन चुली आणि आम्ही नऊ बाया. आम्ही नमदे करायचो. ज्यांना नमदा ठाऊक नाही त्यांना सांगते. घोंगडी विणतात, नमदा विणत नाहीत. त्याला माग लागत नाही, सूतही लागत नाही. पिंजलेली लोकर चटईवर थरावर थर देऊन पसरायची, वर रिठ्याचं कढत पाणी शिंपडायचं, चटईसकट गुंडाळी करायची आणि ती पायाखाली लाटत राहायची. चार-पाच तास. केसाला केस धरतो आणि शेवटी एकसंध जाड कापड हाती येतं. दोन हात लांब हवं असेल तर तीन हात अंथरावं लागतं, कारण लोकर आत आत ओढली जाते.

केसाला केस धरतो कारण लोकरीच्या केसाला माशासारखे बारीक खवले असतात. कढत पाण्यात ते उघडतात आणि एकमेकांत अडकतात. कापसाला खवले नसतात, अंबाडीलाही नसतात. नुसता कापूस आठ दिवस लाटला तरी पाणी आटल्यावर तो पुन्हा कापूसच. म्हणून निवड महत्त्वाची, आणि ती माझ्याकडं होती. मेंढीच्या खांद्यावरची आणि पाठीवरची लोकर वेगळी, पोटाखालची गोखरू आणि कुसळांनी भरलेली वेगळी, मांड्यांवरची राठ ती आणखी वेगळी. कोकराची पहिली कातरणी म्हणजे जावळ. आपल्या लेकरांचं असतं तसंच, बोटाला लागताच कळणारं.

चाचांनी मला सगळ्यात शेवटी कानाची परीक्षा शिकवली. लोकरीची पेन्सिलीएवढी बट घ्यायची, दोन्ही टोकं घट्ट धरायची, कानाजवळ न्यायची आणि एकदम ताणायची. धड लोकर टण्ण वाजते. पण मेंढी मधे आजारी पडली असेल, उपाशी राहिली असेल, तर तेवढ्या दिवसांत वाढलेला केस बारीक होतो. बाकी केस चांगला, फक्त तेवढी जागा कच्ची. ताणली की तिथंच चरचरतं. चाचा बट ताणून सांगायचे, "ही मेंढी संक्रांतीनंतर बीमार होती." आणि धनगर मान हलवून कबूल करायचा. मला आधी ती जादू वाटायची. दोन वर्षांनी माझ्याही कानाला ऐकू यायला लागलं, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा फार गर्व झाला.

आमच्याकडं गिऱ्हाईक मोजकं आणि तऱ्हेवाईक. देवगाव फाट्याहून एक गुंडू मास्तर यायचे. ते बाजाच्या पेट्या दुरुस्त करायचे. पेटीच्या पट्ट्यांखाली नमद्याच्या चिंध्या लागतात, नाहीतर पट्टी खालच्या लाकडावर खटखट वाजते. त्यांना पांढरा, पातळ, पापडासारखा नमदा हवा असायचा. आम्ही तुकडा पुढं केला की ते डोळे मिटून तो ओठांत धरायचे. आम्ही बाया एकमेकींकडं बघायचो. मग डोळे उघडून म्हणायचे, "टोचायलाय. दुसरा दावा." एकदा त्यांनी असे अकरा तुकडे ओठांत धरले आणि बारावा घेऊन दोन बस बदलत परत गेले. उरलेल्या अकरा तुकड्यांचं काय करायचं, हा आमच्यात आठवडाभर विनोद होता.

पण मी ज्या कामाचं नाव अजूनही छाती काढून घेते, ते सुदाम सरांचं. सर ताडकळसला प्राथमिक शाळेत शिक्षक. मोटारसायकलवरून पडले आणि उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. प्लास्टिकचा पाय मिळाला, पण उरलेला पाय त्यात घासायचा. घामानं कातडी सोलायची. दवाखान्यातले मोजे उन्हाळ्यात चिकटून बसायचे. ते एक दिवस कुबड्यांवर आमच्या शेडमध्ये आले, बाकावर बसले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "बाई, लोकर घाम पिते म्हणतात. माझ्या पायाला एखादी टोपी होईल का?"

पहिली टोपी मी पाठीच्या लोकरीची केली. ती त्यांनी दोन दिवसांत परत आणली, खाज सहन होईना. दुसरी नुसत्या जावळाची केली. मऊ झाली, पण महिन्याभरात चपटी पडली. तिसऱ्या वेळेला मी चाचांना विचारलं, मधे कापूस घातला तर? चाचा म्हणाले, "घाल. पण एवढा पातळ की खालचं ऊन वरच्या उनाला हात लावू शकलं पाहिजे." हे मला फार आवडलं होतं. खाली जावळ, वर जावळ आणि मधे सरकी काढलेला कापूस इतका विरळ की खालचा रंग दिसावा. कापसाचा थर जाड झाला तर पोळीसारखा पापुद्रा सुटतो. विरळ राहिला तर लोकरीचे केस त्याच्यातून आरपार जाऊन एकमेकांना धरतात आणि कापूस मधे अडकून बसतो. जावळाला अंग येतं.

ती टोपी घालून सर आठ दिवसांनी आले. कुबड्या नव्हत्या, हातात नुसती काठी होती. म्हणाले, "बाई, आज मी प्रार्थनेला शेवटपर्यंत उभा होतो." एवढंच म्हणाले आणि मग कितीतरी वेळ नाक शिंकरत बसले.

त्या टोप्यांसाठी जावळ द्यायची भागाबाई.

भागाबाई आणि तिचा नवरा धोंडिबा जिंतूरकडच्या डोंगरातले धनगर. पीक निघालं की मेंढरं घेऊन खाली उतरायचे, नदीच्या काठाकाठानं, शेतात मेंढरं बसवत. वर्षातून दोनदा कातरणी झाली की भागाबाई गाढवावर पोती लादून आमच्याकडं यायची. उंच, काटक बाई, दंडावर गोंदण, आवाज रानातला. शेडमध्ये बोलली तरी रस्त्यावर ऐकू जायचं. बाकी धनगर सगळी लोकर एका पोत्यात कोंबून आणायचे. भागाबाई कातरणीच्या आधी मेंढरं नदीत पोहणी घालायची, पोटाची लोकर वेगळी बांधायची, आणि जावळ तर जुन्या लुगड्याच्या तुकड्यात, गाठ मारून, काखेत घेऊन यायची. गाढवावर ठेवायची नाही.

"गाढवाचा घाम लागंल," म्हणायची.

मी तिला सरांच्या पायाचं सांगितलं होतं. तिनं सरांना कधी पाहिलं नाही. पण दरवेळी आली की विचारायची, "तुमचे ते मास्तर हिंडायलेत का?" मी हो म्हटलं की गाठ सोडून दाखवायची. "हे बगा. ह्या खेपंला बारा कोकरांचं हाय. समदी काळी सोडून दिली, पांढरीच घेतली. मास्तर मानूस, पांढरं शोबंल." प्लास्टिकच्या पायाच्या आतलं कोण बघणार, असं मी म्हणाले की हसून म्हणायची, "त्यायला तर दिसंल की."

ती माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असावी. तिला वय विचारलं तर मेंढरांच्या पिढ्या मोजायची आणि मधेच विसरायची. चहा बशीत ओतून प्यायची आणि जाताना माझ्या टोपलीतली अर्धी भाकरी न विचारता उचलायची. त्यात मला आपलेपणा वाटायचा.

चाचा थकले. हात थरथरायला लागला, मग एका पावसाळ्यात ते गेले. निवड पूर्णपणे माझ्याकडं आली. त्याच सुमारास काम घटायला लागलं. बाजारात मशीनवरचे नमदे आले, तेही लोकरीचे नाहीत, प्लास्टिकच्या धाग्याचे, पण रंगीत आणि हलके. आमच्या नऊ बायांच्या पाच झाल्या. केंद्र चालेल की बंद पडेल, हे दर महिन्याला बदलायचं.

अशात पुण्याहून ईशा आली. घरसजावटीच्या वस्तू करणारी, विशी-पंचविशीची हुशार मुलगी. तिला भिंतीवर लावायचे मोठे नमदे हवे होते, आणि त्यात इथल्याच झाडांचे धागे मिसळलेले. चांगलं मोठं काम होतं, पाच बायांना वर्षभर पुरेल असं. मी दीड महिना नुसते प्रयोग केले. अंबाडीचा वाख भिजवून, ठेचून, बारीक कापून घातला. तो वाळल्यावर घरट्यातल्या काड्यांसारखा बाहेर आला. शेवरीचा कापूस घातला. तो नमद्यापेक्षा आमच्या नाकातोंडात जास्त गेला. केळीच्या खांबाचा धागा मात्र बसला. तो रेशमासारखा चमकतो, पण गुळगुळीत असल्यानं लोकरीला धरत नाही. मी त्याच्यावर जाळीसारखी अगदी विरळ लोकर अंथरली. लाटून झाल्यावर केळीच्या धाग्याची चमक लोकरीखालून दिसायला लागली, पाण्याखालच्या वाळूसारखी. ईशानं तो तुकडा खिडकीपाशी नेला आणि किती वेळ बघत राहिली. काम आम्हाला मिळालं.

जूनच्या सुरुवातीला ती पुन्हा आली. सोबत कॅमेरा घेतलेली दोन माणसं होती. आमच्या कामाची फिल्म करायची होती. मी सकाळीच ठेवणीतली साडी नेसून आले होते. दुपारी बाराच्या सुमाराला भागाबाई आली. पोती उतरवली, बाहेर पाणी प्याली आणि दारात येऊन उभी राहिली.

आता मागं वळून बघते तेव्हा सगळं दिसतं. पोलकं अंगावर लोंबत होतं. गोंदणाची कातडी सुरकुतली होती. पोती उतरवायला तिनं आमच्या बायकांना हाक मारली होती, जी ती कधी मारत नसे. चहा ठेवला तर नको म्हणाली. हे सगळं माझ्या डोळ्यांपुढं होतं. पण मी कॅमेऱ्याकडं बघत होते.

ईशा म्हणाली, "मावशी, ते कानाजवळ ताणून बघता ना, ते दाखवा ना प्लीज."

मी भागाबाईच्या पोत्यातून बट काढली. कॅमेऱ्याकडं तोंड केलं, बट कानाशी धरली आणि ताणली. चर्रर्र. दुसरी काढली. तीही चरचरली. पाच-सहा बटा ताणल्या, प्रत्येक नेमकी मधोमध तुटली.

"म्हणजे काय झालं?" ईशानं विचारलं.

मी म्हणाले, "ह्या मेंढ्या उपाशी होत्या. फेब्रुवारी-मार्चात. दीड-दोन महिने तरी ह्यांना कुणी धड चारलं नाही."

"बापरे! एवढं कळतं?" कॅमेरावाला म्हणाला. सगळे माझ्याकडं कौतुकानं बघायला लागले. मला आतून गुदगुल्या झाल्या. चाचा असायला हवे होते, असंसुद्धा मनात आलं.

भागाबाई दारातून म्हणाली, "माज्या मेंढ्या म्या उपाशी न्हाई ठेवल्या, बाई."

"लोकर सांगती की, भागाबाई."

"लोकरीला काय म्हाईत." तिचा आवाज त्या दिवशी लहान होता. "थोडं अवघड झालतं यंदा. पर उपाशी न्हाई ठेवल्या."

ईशानं मला विचारलं, "मग ही नको का आपल्याला?"

भागाबाई दोन पावलं आत आली. "मधी घाला की. मधल्या थराला चालती. चाचा घालायचे."

हे खरं होतं. कच्ची लोकर सूत कातायला चालत नाही, कातताना तुटते. नमद्याच्या वरच्या थराला लावली तर गोळे धरते. पण मधल्या थराला चालते. वर आणि खाली धड लोकर असली की ती मधे गपगुमान राहते. आम्ही विरळ कापूस मधे धरून ठेवायचो, मग ही तर लोकरच. चाचा आजारी मेंढ्यांची लोकर कधी परत करत नसत, बाजूला ठेवून मधे वापरत. मला हे पक्कं ठाऊक होतं. ईशाच्या नमद्यांनासुद्धा मधला थर होताच.

पण कॅमेरा चालू होता आणि मी नुकतीच एवढी मोठी परीक्षा करून दाखवली होती. मी म्हणाले, "चाचांचे दिवस गेले, भागाबाई. हे पुण्याला जाणार आहे. असला माल आता चालत नाही."

ती माझ्याकडं बघत राहिली, रागानंही नाही. मग बाहेर गेली. आमच्यातल्या दोघींनी तिला पोती गाढवावर चढवायला मदत केली. जावळाचं गाठोडं तिच्या काखेत होतं, ते तिनं सोडलंच नाही. मास्तर हिंडायलेत का, तेही विचारलं नाही. मला वाटलं, रुसली. दिवाळीच्या कातरणीला येईल, तेव्हा समजूत काढू.

आम्ही लोकर बाहेरच्या व्यापाऱ्याकडून मागवली. धुतलेली, पांढरीशुभ्र, गाठी बांधलेली. टेम्पो भरून आली आणि शेडच्या मागच्या भिंतीला छतापर्यंत लागली.

पोळा होऊन गेल्यावर एका सकाळी धोंडिबा आला, एकटाच. तो कमी बोलणारा, लाजरा माणूस. केंद्रात कधी येत नसे, मेंढरांपाशी थांबायचा. शेडच्या दाराशी चपला काढून उभा राहिला. काखेत लुगड्याच्या तुकड्यातलं गाठोडं होतं.

"भागा गेली, बाई," तो म्हणाला. "पंधरा दीस झाले."

मी त्याला बसवलं, पाणी दिलं. तो हळूहळू, तुटक तुटक सांगत गेला. तिच्या पोटात गाठ झाली होती. संक्रांतीनंतर दुखणं वाढलं. दवाखान्यात नेलं, पाच-सहा आठवडे तिकडंच गेले. मुलगा ऊसतोडीला गेलेला, घरी सून एकटी, तिचं लेकरू अंगावर पिणारं. तिनं मेंढरं एकाच रानात कोंडून ठेवली, जमेल तेवढा पाला टाकला.

"मेंढरं वाळली," धोंडिबा म्हणाला. "पर मेलं एक न्हाई. भागाला तिकडं खाटंवर पडून तोच घोर. डागदरनं शेवटी घरी न्या म्हणलं. घरी आली तशी उठून मेंढरामागं जायला लागली. मना केलं तरी ऐकंना. जूनात तर म्हणली, लोकर म्याच नेणार. कौसाबाईला जावळ म्याच देणार. गाढवामागं चालत आलती हितं."

बट मधोमध तुटली होती, ते दिवस मी कॅमेऱ्यासमोर बरोबर सांगितले होते. महिनासुद्धा चुकला नव्हता.

"परत आली तर पोती तशीच," धोंडिबा सांगत होता. "म्या इचारलं, काय झालं? तर म्हणली, बाईकडं यंदा कामच न्हाई, बायाबी घरीच बसून हायेत. म्हणलं चालायचंच." त्यानं मान हलवली. "मंग ती लोकर आमी तिच्या अंगाखाली अंथरली. हाडं टोचायली व्हती तिला. मऊ लागती म्हणायची."

माझ्या पाठीमागं व्यापाऱ्याच्या लोकरीच्या गाठी छतापर्यंत होत्या. चार बाया लाटत होत्या, हौदातून वाफ निघत होती. धोंडिबानं ते पाहिलं असेल की नाही, मला माहीत नाही. त्याची नजर सारा वेळ जमिनीवर होती.

"यंदा काम न्हवतं म्हणं तुमच्याकडं," तो म्हणाला.

आणि मी म्हणाले, "हो. नव्हतं."

त्यानं गाठोडं माझ्या पुढ्यात ठेवलं. "हे तुमच्या मास्तरला द्या म्हणली. शेवटाला दोनदा बोलून दावलं, म्हणून मुद्दाम आलो." मी जेवायला थांब म्हटलं. तो थांबला नाही.

गाठ सोडायला मला तीन दिवस लागले. आत पांढरं जावळ होतं, एकही कुसळ नाही, एकही काळा केस नाही. दवाखान्यातून आल्यावर कधीतरी बसून तिनं बोटांनी वेचलं असणार. मी ते कानाशी नेलं नाही. माझ्या सगळ्या नोकरीत न तपासता घेतलेली ती एकच लोकर. त्या जावळातून सरांसाठी पाच टोप्या झाल्या. सरांनी विचारलं, "यंदा एकदम पाच?" मी त्यांना सगळं सांगितलं, मी केलेलं सोडून.

ईशाचे नमदे पुण्याला गेले. सगळ्यांना आवडले. फिल्मही झाली आणि तिनं ती माझ्या मुलाच्या मोबाईलवर पाठवली. त्यात मी बट ताणते, आवाज ऐकू येतो, आणि मी हसून सांगते की ह्या मेंढ्या उपाशी होत्या. भागाबाई त्यात नाही. फक्त दाराच्या कडेला लुगड्याचा काठ दिसतो, तोही क्षणभर. मुलानं ती फिल्म सगळ्या नात्यात पाठवली. ज्यांनी मला आयुष्यभर केस उपसायलीस म्हणून हिणवलं, त्यांनीही फोन करून शाबासकी दिली.

तीन वर्षांनी केंद्र बंद झालं. कुणाची चूक म्हणून नाही. चालवणारी माणसं म्हातारी झाली आणि नवं कुणी आलं नाही. शेवटच्या दिवशी आम्ही हौद रिकामा करून धुऊन काढला. चाचांची पिंजण त्यांच्या नातवाला नेऊन दिली. त्यानं ती माडीवर ठेवली. त्याचं मोबाईलचं दुकान आहे.

गेल्या हिवाळ्यात मी ताडकळसला सरांना भेटायला गेले होते. सर आता निवृत्त झालेत. टोप्या मी अजून घरी करून देते, पण जावळ मिळत नाही. कुठून कुठून आणलेल्या लोकरीवर भागवते, आणि पहिल्यासारखं होत नाही हे आम्हा दोघांनाही कळतं. तो बाजाराचा दिवस होता. परतीच्या बसला वेळ होता म्हणून बाजारातून चालले होते, तर जनावरांच्या बाजूला धोंडिबा दिसला. पाठीत वाकलेला, समोर दोरीनं बांधलेली तीन मेंढरं. उंच, लांब कानांची, गुळगुळीत अंगाची. मी न राहवून एकीच्या पाठीवर हात ठेवला. हाताला काहीच लागलं नाही, बकरीसारखे आखूड केस.

"लोकरीची न्हाईत ही," धोंडिबा म्हणाला. "मटनाची जात हाय. आता समदे हीच पाळायलेत. कातरायची झंझट न्हाई. लोकर कोन घेतंय आता? कातरनाऱ्याला आपल्याच पदरचं द्यावं लागतं, आन् लोकर रानात फेकून द्यायची."

आम्ही बाजूच्या हॉटेलातून चहा घेतला आणि मेंढरांपाशीच उभं राहून प्यायलो. त्यानं सुनेचं, नातवाचं सांगितलं. मी मुलाचं सांगितलं. मग बोलणं संपलं आणि मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही.

मी म्हणाले, "धोंडिबा, त्या वर्षी काम होतं आमच्याकडं. भागाबाई तुझ्याशी खोटं बोलली. लय काम होतं. मीच तिची लोकर परत केली. चार लोकांसमोर केली. ती म्हणाली होती मधल्या थराला घाला, आणि ती चालली असती. मला माहीत होतं चालली असती म्हणून."

तो ऐकत होता. हातातला कागदी कप त्यानं हळूहळू दाबून चपटा केला. मला वाटलं, तो रागावेल. किंवा म्हणेल, जाऊ द्या बाई, झालं गेलं. त्या दोन्ही गोष्टींची मी इतकी वर्षं तयारी करून ठेवली होती.

"मंग घ्यायची व्हती की, बाई," तो म्हणाला.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक येऊन मेंढीचे दात बघायला लागलं. धोंडिबा खाली बसला आणि त्यानं तिचा जबडा दोन्ही हातांनी उघडून धरला.